नाळीवर कोणी नव्हतं

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी शांतीचे सल्ले द्यायला नकोत. आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. मी कल्याणजवळ मोहन्याला वाढले. बाबा रेयॉनच्या कारखान्यात, आई बालवाडीत. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की अभ्यास, एवढाच आमचा धार्मिक कार्यक्रम. शेजारच्या चाळीत कोणाच्या अंगात आलं की बाबा मला खिडकीशी उभं करायचे आणि म्हणायचे, "बघ नीट. मग मला सांग तुला काय दिसलं. काय वाटलं ते नको... काय दिसलं ते." तीच सवय ठेवून लिहितेय. जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच. मधेमधे वाटलेलंही येईल, त्याला माझा इलाज नाही.

माझी नोकरी पाण्याची खोली मोजण्याची आहे. खाडीवर पूल बांधायचा असो की गाळ काढायचा असो, आधी आमच्यासारखी माणसं मशीन घेऊन होडीत बसतात. मशीन म्हणजे इको साउंडर. ते पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, त्याला किती वेळ लागला त्यावरून स्क्रीनवर खोलीचा आकडा येतो. सोळा वर्षं हेच करतेय. आकड्यांच्या बाबतीत मी जरा शिष्ट आहे, ऑफिसात कोणालाही विचारा.

राहते डोंबिवली वेस्टला. तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर खाडीकाठी मोठागाव, आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. तिथल्या दामूकाकांची मोटरहोडी आम्ही सर्व्हेसाठी घेतो, त्यामुळे ओळख जुनी. काका सत्तरीचे, बोलायला कमी आणि चिडायला पटकन. त्यांच्या शेजारच्याच घरात त्यांचे धाकटे भाऊ पांडूकाका आणि त्यांची बायको, काशीकाकी.

या दोन भावांची मिळून आणखी एक होडी होती. वडिलांच्या वेळची, सागाची, शिडाची. तिच्यावर दोघांच्या जागा ठरलेल्या. दामूकाका मागे सुकाणूवर, पांडूकाका पुढे नाळीवर... नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. उथळ पाण्यात शिरलं की पांडूकाका शिसं बांधलेली दोरी खाली सोडायचे आणि खोली ओरडून सांगायचे, वावात. दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव, साधारण सहा फूट. पांडूकाका ओरडणार "दोन वाव", दामूकाका मागून तोच आकडा परत म्हणणार, "दोन वाव". म्हणजे पुढच्याला कळतं की मागच्याने ऐकलं. उत्तर आलं नाही तर पुढचा आकडा नाही, तोच आकडा पुन्हा. त्यांच्यात हा नियम इतका पक्का की एकदा दामूकाकांना शिंका येत होत्या तर पांडूकाका सहा वेळा "तीन वाव" ओरडत राहिले होते. काशीकाकी हे हसून हसून सांगायची.

मी सांगणार आहे त्या रात्रीच्या तीन वर्षं आधी पांडूकाकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, डोळ्यांनी बोलतात, डाव्या हाताने खुणा करतात, पण शब्द नाही. हे लक्षात ठेवा... तीन वर्षं एक शब्द नाही.

होडी धक्क्याला वाळत पडलेली. एकट्या दामूकाकांना ती झेपेना, गावातली तरुण मंडळी मोटरवाली. शेवटी त्यांनी ठरवलं की ती देऊन टाकायची. गुजरातच्या हद्दीजवळ एक लहान बेट आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच पाहुणे नकोयत. काकांचे वडील तिथे सुकी मासळी आणायला जायचे. तिथल्या एका सुताराने होडी दुरुस्त करून वापरायची तयारी दाखवली होती. नाहीतर ती सरपणात जाणार, हे काकांना बघवत नव्हतं. पोचवायची कशी? तर शिडावरच. ट्रकवर चढवायला ते तयारच नव्हते.

एका संध्याकाळी मी हिशेबाच्या नाही, सहज चहाच्या निमित्ताने त्यांच्या ओट्यावर बसलेले. पांडूकाका बाजूला खुर्चीत. दामूकाका म्हणाले, "पोरे, तू तुजा मशीन घेऊन येशील का आमच्याबरोबर? त्या बंदराचा तोंड मी वीस वरसा बगला नाय. चिखल काय एका जाग्याव बसतंय? आनि नालीव आता कोन हाय माजा?"

आणि मी... मला हे लिहितानाही लाज वाटतेय. मी म्हटलं, "काका, आता नाळीवर माणूस कशाला हवा? मशीन आहे ना. एका सेकंदात दहा वेळा मोजतं, ते पण सेंटिमीटरमध्ये."

पांडूकाका माझ्याकडे बघत होते. डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. इतकंच. दामूकाकांनी होडी देऊन टाकायचं ठरवताना त्यांना विचारलेलंही नव्हतं, हे मला नंतर कळलं. "तो काय बोलनार हाय?" असं म्हणाले होते म्हणे.

निघालो फेब्रुवारीत, चतुर्थीला. माणसं तीन. काका, मी आणि काकांचा जावई नरेश, जो कल्याणला लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि ज्याला होडी लागते. लाइफ जॅकेट, वायरलेस, परवानगीचे कागद सगळं होतं, उगाच शंका नकोत. पहाटेच्या ओहोटीबरोबर मोठागावातून सुटलो. पुलांखालून जायचं म्हणून डोलकाठी आडवी घातलेली. होडीला असलेल्या जुन्या छोट्या इंजिनावर काशेली, घोडबंदर करत दुपारी वसईच्या तोंडाशी पोचलो, तिथे काठी उभी केली. काशीकाकीने निघताना डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी दिलेली. पांडूकाकांना तिने धक्क्यापर्यंत खुर्चीतून आणलं होतं. दामूकाकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. दोर सोडण्यात फारच गुंतल्यासारखं दाखवत राहिले.

चार वाजता समुद्रात शिरलो. रात्रीच का जायचं, हे मी आधीच विचारलेलं. काका म्हणाले, "मतलई राती सुटतंय." मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे येणारा वारा. उत्तरेला जायचं तर तोच चांगला, बाजूने लागतो. भरतीचं गणितही त्यांनी बोटांवर केलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ... चतुर्थी, चार, पाऊणपट तीन. पहाटे तीनला पूर्ण भरती, त्या वेळी बंदरात शिरायचं. मी मोबाइलवर तपासलं. तीन वाजून सहा मिनिटं. मी मोबाइल खिशात ठेवला.

माझी जागा मधल्या फळीवर. मशीनचा सेन्सर होडीच्या कडेला लोखंडी पाइपला बांधून पाण्यात, स्क्रीन मांडीवर. निघण्याआधी मोठागावच्या धक्क्याला मी बांबू टाकून आकडा पडताळला होता. बरोबर येत होता. नाळीवर फक्त नांगर, त्याचा दोर आणि खुंटीला पांडूकाकांची शिशाची दोरी, जशी तीन वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवली होती तशी.

पहिले काही तास सुंदर होते, खोटं कशाला बोलू. इंजिन बंद, शीड भरलेलं, लाकूड करकरतंय आणि किनाऱ्यावरचे दिवे हळूहळू मागे जातायत. दहाच्या आत चंद्र मावळला. नरेश उलट्या करून करून झोपला. काका म्हणाले, "बापाबरोबर पयल्यांदा आलो तवा पांडू आठ वरसाचा. नालीवच झोपला व्हता."

साडेबाराला वारा पडला. शीड लोंबायला लागलं. काकांनी इंजिन चालू केलं, ते पाऊण तास चाललं आणि धूर ओकून बंद पडलं. मग नुसतं तरंगणं. दोनच्या सुमाराला माझ्या पायाला गार लागलं. टॉर्च मारला तर होडीत पाणी. तीन वर्षं उन्हात वाळलेल्या फळ्या, सांधे उघडलेले... गावात कापूस-राळ भरून घेतली होती, पण समुद्रात होडी पिळवटते तशी खाडीत पिळवटत नाही. नरेशला उठवलं. तो हातपंपावर बसला तो बसलाच.

"मॅडम, भरतंय जास्त, निघतंय कमी," तो म्हणाला. "हिशेब सिंपल आहे."

वायरलेसवर हाक दिली. खरखर. बेटावर कोणी ऐकत असेल तरी त्या वेळी जागं नव्हतं. मला भीती वाटायला लागली. माझी मुलगी तेव्हा सातवीत, घरी आईकडे सोडलेली. तिला मी "बोटीच्या पिकनिकला जाते" सांगून आलेले.

तीननंतर मतलई पुन्हा सुटली, आधीपेक्षा जोरात. बेटाचा दिवा दिसला तेव्हा चार वाजून गेलेले. म्हणजे भरती उलटून ओहोटी लागलेली, पाणी दर मिनिटाला उतरतंय. शहाण्या माणसाने बाहेर थांबून दुपारची भरती बघितली असती. आमच्याकडे दुपारपर्यंत होडी नव्हती.

बंदराचं तोंड असं, की दोन्ही बाजूंना खडक आणि मधे वाट. आत गेल्यावर वाट वळते आणि एका बाजूला चिखलाचा मोठा पट्टा. होडीला निदान एक वाव पाणी हवं. त्याखाली गेलं आणि चिखलात रुतलो, तर मागून येणाऱ्या लाटा होडी आडवी करून खडकावर घालणार. अशी भरलेली जुनी होडी दोन तडाख्यांत फुटते, हे काकांनीच सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं. अंधार मिट्ट. दिवा बेटाच्या पलीकडच्या टोकाला, तो वाट दाखवायच्या कामाचा नव्हता.

"बोल पोरे," काका म्हणाले. "तुज्यावरच हाय आता."

पाच वाजून बारा मिनिटं. हे मी मशीनच्या नोंदीवरून लिहितेय, त्यात प्रत्येक आकड्याला वेळ असते. मी ओरडून वाचायला लागले. "साडेसहा मीटर... सहा... साडेपाच, सरळ चला... साडेपाच..." शीड अर्धं उतरवलेलं, दोन्ही बाजूंना लाटा फुटल्याचा आवाज. आत शिरलो. हे मशीन खाली तसंच दोन्ही बाजूंनाही आवाज सोडतं, आणि पुढे माझ्या स्क्रीनवर डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. "काका, डावीकडे घ्या! डावीकडे पाच मीटर आहे!"

होडी उजवीकडे वळली.

"काका, डावीकडे! उजवीकडे तीन मीटर, अजून कमी होतंय!"

काका म्हणाले, "दोन वाव."

मला वाटलं, माझ्या मीटरचे वाव करून बोलतायत. पण तीन मीटरचे दोन वाव होत नाहीत. आणि त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतंच. ते माझ्या डोक्यावरून पुढे बघत होते. "काका, ऐकताय ना? मशीन सांगतंय-"

"तू गप ऱ्हा जरा. मना आयकू दे."

म्हातारा भीतीने भरकटला असं मला वाटलं, आणि सुकाणू त्याच्या हातात आहे. मी उठून ते हिसकावणार होते. अर्धी उठलेही. आणि तेव्हा मला ऐकू आलं.

पुढून. नाळीवरून. "पावणेदोन."

पुरुषाचा आवाज, जाडसर, शेवट जरा लांबवलेला. ओरडणं म्हणावं इतका मोठा नाही, पण लाटांच्या वरून स्पष्ट. मागून काका म्हणाले, "पावणेदोन." मग चार-पाच सेकंदं काही नाही, आणि पुढून पुन्हा. "दीड, डावा नको."

"दीड, डावा नको," काका म्हणाले आणि सुकाणू आणखी दाबलं.

मी टॉर्च नाळीवर मारला. नांगर, दोर, खुंटीवरची दोरी. माणूस नव्हता. टॉर्च तसाच धरून मी उभी असताना आवाज पुन्हा आला, त्याच उजेडातून. "सव्वा." माझ्या हातातून टॉर्च पडला. खाली पाणी पोटरीपर्यंत. मला रडू फुटलं, आणि रडता रडताही मी स्क्रीनकडे बघत होते, कारण तेवढंच मला येतं.

"सव्वा," काका म्हणाले. पाण्याने जड झालेल्या होडीचा तळ कशाला तरी घासला, लांब खरखर झाली, आणि सुटलो. "दीड," आवाज म्हणाला, आणि मला शपथेवर विचाराल तर त्यात हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. हे मात्र मला वाटलेलं, बाबांच्या नियमात बसत नाही.

त्यानंतर लाटांचा आवाज मागे गेला. आत पाणी शांत होतं. धक्क्यावरचा एक पिवळा बल्ब दिसला. "दीड वाव," पुढून आलं. इथे त्यांची पद्धत अशी, की नांगराआधीचा शेवटचा आकडा सुकाणूवाला परत म्हणतो आणि "नांगर" असं सांगतो. खोली कळल्याशिवाय दोर किती सोडायचा ते कळत नाही. पण नेमका त्याच क्षणी नरेश किंचाळला, "पप्पा, पंप गेला!" काका सुकाणू सोडून त्याच्याकडे धावले. मी धडपडत नाळीवर गेले... हो, गेले, माझ्यातही तेवढी हिंमत कुठून आली माहीत नाही... आणि दोन्ही हातांनी नांगर ढकलून दिला.

तिथे कोणी नव्हतं. मी खुंटीवरच्या दोरीला मुद्दाम हात लावला. कोरडी होती. शिसंही कोरडं. त्या दोरीने रात्रभर काही मोजलं गेलं नव्हतं.

आणि माझ्या कानाजवळ, एक हातावर म्हणा, पुन्हा. "दीड वाव."

मी उत्तर दिलं नाही.

धक्क्यावरची माणसं आमचा आरडाओरडा ऐकून आली, बादल्या आल्या, दुसरा पंप आला. उजाडेपर्यंत होडी किनाऱ्याला ओढून घेतली. नरेशला मी विचारलं, "तुला आवाज ऐकू आला?" तो म्हणाला, "पप्पांचा ना? कधीपासून एकटेच बडबडत होते." त्याने फक्त उत्तरं ऐकली होती.

काकांना विचारलं, "नाळीवर कोण होतं?" ते शीड गुंडाळत होते. "नालीव कोन असतंय?" ते म्हणाले. "पांडूच असतंय." आणि एवढं बोलून त्यांचा हात थांबला. आत्ता त्यांनाही कळलं असावं आपण काय बोललो ते. चेहरा पांढरा पडला. मला जे वाटलं तेच त्यांना वाटलं... की तिकडे डोंबिवलीत पांडूकाका गेले.

आठच्या सुमाराला पाणी उतरलं तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. बंदराच्या तोंडातून आत, वळणावर, मी "डावीकडे घ्या" ओरडले त्या जागी, चिखल उघडा पडला होता. ज्या पाण्याला माझं मशीन पाच मीटर म्हणत होतं, तिथे बगळे चालत होते.

चूक काय झाली ते मला तिथेच कळलं. मशीनमध्ये दोन प्रकारचे आवाज असतात. एक चिखलाच्या वरूनच परत येतो. दुसरा जाड, तो मऊ चिखलातून आरपार जाऊन खालच्या कडक तळावरून परततो. आदल्या आठवड्यात गाळाच्या कामासाठी मी जाड आवाज लावला होता आणि बदलायला विसरले. मोठागावच्या धक्क्याखाली दगड आहेत, तिथे दोन्ही आवाज सारखाच आकडा देतात, म्हणून पडताळणीत सापडलं नाही. नवशिक्या पोरांना मी ज्यावरून झापते तीच चूक. त्या चुकीवर तीन माणसांचा जीव होता. सेंटिमीटरमध्ये मोजणारं मशीन घेऊन मी आम्हाला सरळ चिखलात घालत होते.

मोबाइलला रेंज धक्क्याच्या टोकालाच यायची. काकांचा फोन चालू झाला आणि टिंग टिंग करत राहिला. काशीकाकीचे अकरा मिस्ड कॉल. काका फोन माझ्या हातात देऊन खाली बसले. "तूच लाव," म्हणाले. "माज्यानं नाय व्हनार."

मी लावला, स्पीकरवर. काकी रडत होती. मी डोळे मिटले.

"आवो भावोजी," ती म्हणाली, "हे बोलतान! पाच वाजल्याधरना बोलतान! मी झोपलेली, मना वाटला कोन आयला घरान..."

काकी सांगत राहिली. पहाटे पाचच्या पुढे पांडूकाका बिछान्यात बोलायला लागले. आकडे. दोन, पावणेदोन, दीड. एक आकडा, मग थांबायचे, कान दिल्यासारखे. मग पुढचा. ती घाबरून फोन लावत होती, इकडे लागत नव्हता. "आनि आता कवाचा एकच. दीड वाव, दीड वाव. अडीच तास झाले. घाम फुटलाय, डोले मिटत नाय. डाक्तरला बोलवू का? काय पायजे यांना, मना समजंना."

मागून, फोनमधून, तो आवाज आला. जाडसर, शेवट जरा लांबवलेला. थकून घोगरा झालेला. "दीड वाव."

मला समजलं काय पाहिजे ते. काकांना माझ्याआधी समजलं होतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "दीड वाव." आणि मोठ्याने, सुकाणूवरून म्हणतात तसं, "दीड वाव, पांडू! आयकला रे! नांगर! ... नांगर परला. लागलो आमी." आणि मग खाली मान घालून, "तुना इचारला नाय मी. होरी तुजी पन व्हती. चुकला माजा."

तिकडून आकडा पुन्हा आला नाही. मग काकी दबक्या आवाजात म्हणाली, "निजले."

त्याला आता वर्ष होत आलं. पांडूकाका आहेत, तब्येत तशीच आहे. त्या पहाटेनंतर एक शब्द बोललेले नाहीत. होडी बेटावर आहे, सुताराने नवे सांधे भरलेत. दामूकाका रोज संध्याकाळी भावाच्या खुर्चीशेजारी बसतात आणि पाणी किती चढलंय, कोणाला काय मासळी मिळाली ते सगळं त्याला सांगतात, विचारतातसुद्धा.

डॉक्टरांना मी भेटले. ते म्हणाले, वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचे आकडे, प्रार्थना, शिव्या कधीकधी निघतात, ते मेंदूत वेगळ्या जागी असतात. ठीक आहे, मान्य. भाऊ समुद्रात आहे हे त्यांना माहीत होतं, काळजी होती. तेही मान्य. मी थकलेले, घाबरलेले होते, आणि काकांची उत्तरं ऐकून मी प्रश्न मनाने रचले असतील. माझे स्वतःशीच हे सगळे मुद्दे मांडून झालेत.

पण काशीकाकीने त्या पहाटे, फोन लागत नाही म्हणून, एक व्हॉइस मेसेज केला होता. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. सुरू होतो पाच एकतीसला. आणि माझ्या मशीनमध्ये त्या वेळच्या नोंदी आहेत. तोपर्यंत आम्ही चिखल सोडून वाटेत आलो होतो, तिथे तळ कडक, म्हणून तिथले आकडे खरे आहेत. मी ऑफिसात एका रविवारी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले. मेसेजमध्ये पांडूकाका म्हणतात "सव्वा", माझ्या नोंदीत त्या वेळेला सव्वादोन मीटर. ते म्हणतात "दीड", नोंदीत दोन पूर्णांक सात दशांश. वावाचे मीटर करून बघा, मी शंभरदा केलेत. सात आकडे आहेत, सातही जुळतात. डोंबिवलीतल्या बिछान्यातून. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणाकडे असेल तर खरंच सांगा, फक्त योगायोग म्हणू नका, योगायोग किती मोठा असू शकतो ते मला मोजता येतं.

परत आल्यावर मी पांडूकाकांसमोर जाऊन बसले होते. म्हटलं, "काका, मी चुकीचं बोललेले. नाळीवर माणूस लागतो." त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

तो मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. शेवटी ते "दीड वाव" म्हणतात आणि थांबतात. मागे पंख्याचा आवाज येत राहतो, काकी हुंदका देते, आणि रेकॉर्डिंग संपतं. दरवेळी ऐकताना त्या थांबण्यापाशी माझ्या तोंडून आपोआप निघतं, हळूच, घरच्यांना ऐकू जाऊ नये इतकं... "दीड वाव, काका. ऐकलं."